मूलपेशींना हवी संप्रेरकाची साथ

मणक्याला जबर मार बसतो तेव्हा मज्जारज्जूतले सगळेच चेतातंतू तुटत नाहीत. काही शाबूत राहतात, पण विजेच्या तारेवरचं प्लास्टिक सोलून निघावं तसं त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण जातं. मग मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही.

हे आवरण ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी चढवतात. त्या मूलपेशींपासून बनवून इजेच्या जागी सोडायच्या, हा उपचारामागचा विचार. २००५ साली कॅलिफोर्नियात हान्स कीअरस्टेड यांच्या गटाने उंदरांवर तो पडताळला. इजेनंतर सात दिवसांनी पेशी दिलेल्या उंदरांची चाल सुधारली. दहा महिन्यांनी दिलेल्या पेशी जगल्या, पण चाल सुधारली नाही. म्हणजे पेशी जिवंत राहणं पुरेसं नाही. त्यांनी आपलं काम करायला हवं.

इथे थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक महत्त्वाचं ठरतं. अपक्व पेशीने विभाजन थांबवून पक्व ऑलिगोडेंड्रोसाइट व्हावं, हा इशारा ते देतं. लंडनमध्ये मार्टिन रॅफ आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ही यंत्रणा उलगडली. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, त्यामागे मायलिनची उणीव हेही एक कारण आहे. म्हणूनच प्रयोगशाळेत मूलपेशींपासून या पेशी घडवताना टी-३ वापरतात.

मग रुग्णाला थायरॉइडच्या गोळ्याच का देऊ नयेत? कारण जास्तीचं संप्रेरक रक्तातून सगळीकडे जातं. हृदयाचे ठोके वाढतात, वजन घटतं. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. टी-३ जेलमध्ये मिसळून त्यांनी ते उंदरांच्या इजेच्या जागीच ठेवलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नव्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी आणि मायलिन, दोन्ही वाढलं. बाहेरून पेशी न देता, शरीरातल्याच पेशींकडून हे काम झालं. पेशी आणि जेल एकत्र देणं ही त्यापुढची स्वाभाविक पायरी आहे.

उंदरांमधलं हे यश माणसांत सिद्ध व्हायचं आहे. तोवर हताश कुटुंबांना लाखो रुपयांत ‘खात्रीचा’ मूलपेशी उपचार विकणाऱ्यांपासून सावध राहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मज्जारज्जूच्या इजेवर मूलपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. कुणी असा उपचार सुचवला, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक आधी मागा. तो मिळाला नाही, तर पैसे देऊ नका. फिजिओथेरपी मात्र सोडू नका.