‘कौटुंबिक समस्या’ नावाचा रकाना

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांविषयीचा वार्षिक अहवाल आला की एकूण आकड्याचा मथळा होतो आणि दोन दिवसांत विषय मागे पडतो. मी मात्र कारणांचा तक्ता आधी उघडतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी ३१.७ टक्के मृत्यूंपुढे ‘कौटुंबिक समस्या’ असे कारण लिहिलेले आहे, तर १८.४ टक्के मृत्यूंपुढे ‘आजार’. विवाहविषयक समस्यांचा रकाना वेगळा आहे; तो यात धरलेला नाही. म्हणजे देशातील निम्म्या आत्महत्यांची बोळवण दोन मोघम रकान्यांत झाली आहे. त्याच अहवालात मृतांच्या व्यवसायानुसार वर्गवारी आहे आणि त्यात ‘गृहिणी’ या वर्गात २५,३०९ स्त्रिया आहेत. दिवसाला सरासरी ६९.

हे कारण ठरवते कोण? पोलीस ठाण्यातील तपासी अंमलदार. पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, नातेवाइकांचे जबाब घेतले जातात. विवाहित स्त्रीच्या बाबतीत जबाब देणारे बहुधा सासरचेच असतात. विवाहाला सात वर्षे होण्याआधी असा मृत्यू घडल्यास दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी बंधनकारक आहे. आठव्या वर्षी त्याच घरात तेच घडले तर बहुतेकदा जबाबावरच भिस्त राहते. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आता जवळपास इतिहासजमा झाला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याची धार काढून घेतली आणि भारतीय न्याय संहितेने जुने ३०९ वे कलम वगळले. परंतु आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा कायम आहे, आणि तो असायलाही हवा. त्याचा परिणाम मात्र असा, की ज्याला घरातले सर्वांत जास्त ठाऊक आहे त्यालाच गप्प राहण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिला तोही सरकारी नोंदींच्या आधारेच. व्यक्तीचे समाजाशी असलेले नाते सैल झाले किंवा जीवनाचे नियमन कोलमडले, तर आत्महत्या वाढतात, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. विवाहाचे कवच पुरुषाला जितके मिळते तितके स्त्रीला मिळत नाही, हेही त्यांना आकड्यांत दिसले होते. नियमनाच्या अतिरेकाने, म्हणजे सर्व वाटा बंद झाल्याने घडणाऱ्या आत्महत्यांचा प्रकार त्यांनी मान्य केला, पण त्याला समकालीन महत्त्व फारसे नाही असे म्हणून केवळ एका तळटीपेत जागा दिली. भारतीय गृहिणीचा प्रश्न त्या तळटीपेत आहे, मुख्य मजकुरात नाही. पुढे १९६७ मध्ये जॅक डग्लस यांनी नोंदींवरच बोट ठेवले: मृत्यूला ‘आत्महत्या’ ठरवणे आणि त्याचे कारण लिहिणे हा स्वतःच एक सामाजिक व्यवहार असतो. त्याचा पडताळा आपल्याकडेही आला. घरोघरी जाऊन मृताच्या आप्तांच्या मुलाखती घेणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’ने २०१० या वर्षासाठी सुमारे १,८७,००० आत्महत्यांचा अंदाज वर्तवला, पोलिसांची नोंद होती सुमारे १,३४,६००.

‘आजार’ हा शब्दही तितकाच फसवा आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी अधिक जवळचा आढळला. थकवा, अंगदुखी, अशक्तपणा हीच दुःख सांगण्याची उपलब्ध भाषा होती. दवाखान्यात नवऱ्याविषयी बोलता येत नाही, कंबरेविषयी बोलता येते. त्याच गोव्यातील २४ दवाखान्यांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकरवी उपचार देऊन पाहण्यात आले. ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी दवाखान्यांतील रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ झाला. या समुपदेशकांमध्ये मानसोपचारतज्ज्ञ कोणी नव्हते; मुख्य काम होते ऐकून घेण्याचे.

साहित्याने हा रकाना फार पूर्वी उघडून पाहिला होता. रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘स्त्रीर पत्र’ ही कथा १९१४ ची. तीत निराधार बिंदूचे लग्न एका वेड्याशी लावून दिले जाते, ती पळून येते, तिला परत धाडले जाते आणि अखेर ती जीव देते. लोक नाक मुरडतात, हे मुलींचे नवे खूळ समजतात. तपासी अंमलदाराने बिंदूपुढे ‘विवाहविषयक’ असे लिहिले असते, आणि ते चूकही ठरले नसते. पण तिच्या बहिणीच्या जावेला, मृणालला, पूर्ण पत्र लिहावे लागले, कारण त्या मृत्यूत आश्रित मुलीचे घरातले स्थान, तिच्या बहिणीचे मौन आणि पुरुषांची बेफिकिरी हे सारेच सामील होते. समाजशास्त्रज्ञांना हवी असलेली साक्ष येथे आहे: घरातली, आणि तरीही घराला न भिणारी.

कारण न विचारताही जीव वाचवता येतात, हे मान्य करायलाच हवे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. कढ ओसरेपर्यंत घातक वस्तू हाताशी नसणे हाच मोठा उपचार असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आपल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणातही कीटकनाशकांचा विचार आहे, आणि २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य हेल्पलाइनही त्याच वर्षी सुरू झाली. परंतु दिवसाला ६९ गृहिणींच्या घरात काय घडत होते, याचे उत्तर यांतून मिळत नाही. आणि ते पोलिसांच्या फौजदारी तपासातून मिळवू पाहणे निरर्थक आहे.

त्यासाठी नमुना देशातच आहे. केरळमध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंचा गोपनीय आढावा घेण्याची पद्धत रुजवली. दोष कोणाचा, हे न ठरवता मृत्यू कसा ओढवला एवढेच तीत पाहिले जाते, नावे गुप्त राहतात, आणि त्यातून प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासारख्या कारणांवर नेमके काम करता आले. गृहिणींच्या आत्महत्यांचा असा आढावा आरोग्य खात्याने एखाद्या जिल्ह्यात घ्यावा: पोलीस तपासापासून अलिप्त, काही महिन्यांनंतर, माहेरच्यांशी, शेजारणींशी आणि गावातल्या आशा सेविकेशीही बोलून.