रोमिओ-ज्युलिएटचा प्रयोग बघायला जाताय? त्या एका पत्रावर लक्ष ठेवा

गावातल्या हौशी ग्रुपने ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ बसवलंय आणि तुम्ही तिकीट काढलंय? मग स्पॉइलरची चिंता नको. दोघं मरणार हे शेक्सपिअर पडदा उघडताच सांगून टाकतो. पण मग प्रयोग जमला की फसला, हे ठरवायचं कशावरून?

माझ्या मते, पाचव्या अंकातल्या एका छोट्या प्रवेशावरून. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने झोपली आहे, हे कळवणारं पत्र फ्रायर लॉरेन्स मांटुआला रोमिओकडे पाठवतो. पत्र नेणारा फ्रायर जॉन सोबतीसाठी दुसऱ्या साधूला शोधायला जातो. तो साधू आजाऱ्यांची विचारपूस करत असतो. प्लेगच्या संशयाने दोघांना घरात कोंडून दारं बंद केली जातात. थोडक्यात, क्वारंटाइन! पत्र तिथेच अडकतं. ‘ज्युलिएट गेली’ ही खोटी बातमी मात्र रोमिओचा नोकर तातडीने पोहोचवतो.

हा प्रवेश कापला की रोमिओ नुसता उतावळा वाटतो. 1592 ते 1594 या काळात लंडनची नाट्यगृहं प्लेगमुळे बहुतेक वेळ बंद होती. त्यामुळे बंद दाराचा अर्थ तेव्हाच्या प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नसेल. 2020 नंतर आपल्यालाही लागत नाही.

दुसरी खूण शेवटाची. ज्युलिएटला जाग येते ती रोमिओ मेल्यावर, अगदी थोड्या वेळाने. ही चुकामूक प्रेक्षकाला जाणवायला हवी. ती सहन न होऊन की काय, 1748 मध्ये डेव्हिड गॅरिकने तिला आधीच जागं करून दोघांना निरोपाचा संवाद दिला होता.