पाऊस येतो तेवढाच, थांबतो कमी

आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापूरच्या पेठांतून टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोली देवीच्या, टेकडीकडे मिरवणुका निघतात. पी-ढबाकच्या तालावर कलश चालतात आणि पंचगंगेला आलेलं नवं पाणी त्र्यंबोलीच्या पायरीवर वाहिलं जातं. या टेकडीच्या पूर्वेला महामार्ग ओलांडला की उचगाव लागतं. पाण्याला 'नवं' म्हणणाऱ्या या मुलखाला पाण्याचा वर्षाचा फेरा नीट ठाऊक होता. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो फेरा कसा बदलत गेला, याचा हा मागोवा.

आधी हा फेरा पाहू. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओततात. तिथून पन्नासेक किलोमीटर पूर्वेला, कोल्हापूर-उचगावच्या पट्ट्यात, तो हजारावर येतो. शिरोळला पोचेपर्यंत पाचशे-सहाशेच उरतो. म्हणजे उचगाव दोन पावसांच्या जिवावर जगतं. एक स्वतःच्या शिवारात पडणारा आणि दुसरा घाटात पडून कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीतून वाहत येणारा. प्रयाग चिखलीला या नद्या एक होतात, पंचगंगा उचगावच्या उत्तरेला वळिवड्याच्या अंगाने पुढे जाते, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि पश्चिमेच्या समुद्राने दिलेलं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात उतरतं.

पण वाटेत ते किती थांबतं, यावर इथली जीवसृष्टी ठरते. घाटातल्या जंगलात पानांचा थर आणि भुसभुशीत माती पाऊस झेलते. जांभ्याचे सडे तो पोटात घेतात आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांवाटे सोडत राहतात. झाडं मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून पुन्हा हवेत देतात. सह्याद्रीतल्या वनस्पतींनी सोडलेली ही वाफ तमिळनाडूतल्या नैऋत्य मोसमी पावसालाही हातभार लावते, असं मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. खाली आपल्याकडे मात्र काळा पाषाण. त्याच्या अंगात पाणी शिरत नाही. वरच्या मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत जेवढं मावेल तेवढंच भूजल. म्हणून इथं मुरण्याची जागा मुळातच थोडी, आणि जपायला हवी होती तीच.

मार्च-एप्रिलमध्ये नदी वाहते ती पावसावर नव्हे, मुरलेल्या पाण्यावर. मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर चढणीचे मासे ओढ्यांत शिरतात, उथळ पाण्यात अंडी घालतात. पूर ओसरताना गाळाचा थर मागे ठेवतो आणि काठाची मळीची जमीन सुपीक होते. डबकी आणि पाणथळ जागा बेडकांना, पाणपक्ष्यांना आणि शेतातल्या किडी खाणाऱ्या असंख्य जीवांना आसरा देतात. निरोगी नदी म्हणजे नुसतं भरलेलं पात्र नव्हे. ओढा, काठ, पाणथळ, विहीर आणि रान या सगळ्यांशी तिचं येणं-जाणं चालू असणं म्हणजे निरोगी नदी.

या फेऱ्यात माणसाने पहिला मोठा हात घातला तो शहाणपणाने. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर राधानगरीचं धरण आखलं. त्यांच्या हयातीत ते पुरं झालं नाही. स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. आखणीमागचा विचार साधा होता. चार महिन्यांत पळून जाणारं पाणी आठ महिने नदीत राहावं. त्याला जोड मिळाली ती कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी ते काढायचे आणि नदीला मोकळं वाहू द्यायचं. महाराष्ट्रभर गेलेली ही रचना नदीच्या ऋतूंना मान देणारी होती. १९५८ मध्ये दाजीपूरच्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेव्हा ते गव्यांसाठी होतं. पण राखलं गेलं ते भोगावतीचं उगमाचं रानही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात राधानगरीचा समावेश झाला, तेव्हा त्या रानाची किंमत जगाने मान्य केली.

दुसरा बदल उचगावच्या शेजारी घडला. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी कुटुंबं आली, गांधीनगर वसलं आणि कापडाची मोठी बाजारपेठ झाली. बेघर झालेल्या माणसांना या मातीने दोनदा जागा दिली, ही आमच्या भागाची अभिमानाची गोष्ट. मात्र १८९१ पासूनची रेल्वे, मग महामार्ग, गांधीनगरची पेठ आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत यांच्या मधोमध सापडलेलं उचगाव शेतीचं गाव राहणं शक्यच नव्हतं. तावडे हॉटेलच्या चौकातून शहरात शिरणाऱ्याला आज गाव कुठे संपलं आणि शहर कुठे सुरू झालं ते कळत नाही. १९७२ मध्ये कोल्हापूरची महापालिका झाली, पण हद्द तिथेच राहिली. लोकवस्ती मात्र हद्दीबाहेर वाढत गेली. प्लॉट पडले, बांध मोडले, रस्ते झाले. पूर्वी रानात मुरणारा पाऊस आता पत्र्यावरून, स्लॅबवरून, डांबरावरून थेट गटारात जातो.

तिसरा बदल उसाचा. बारमाही पाण्याने या जिल्ह्याला सुबत्ता दिली, सहकारी पाणीपुरवठा संस्था आणि कारखाने उभे केले. हे ऋण नाकारता येणार नाही. पण पाटाने सोडलेलं जादा पाणी खाली शिरोळ भागात साचलं आणि त्याने जमिनी क्षारपड केल्या. भारी काळ्या मातीत भूजल वर आलं, वाफ होताना क्षार वर ठेवून गेलं. पाण्याच्या फेऱ्याला निचऱ्याचीही गरज असते, हे तिथे कळलं. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून ही रानं पुन्हा पिकाखाली आणत आहेत. बिघडलेलं सुधारतं, याचा हा आपल्याच जिल्ह्यातला पुरावा.

चौथा बदल सगळ्यात जिव्हारी लागणारा. शहराचे नाले, काठच्या गावांचं सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि शेतातून धुपून आलेलं खत, हे सारं पंचगंगेत उतरलं. नत्र आणि स्फुरद वाढलं की जलपर्णी फोफावते. ती पाण्यावर गादीसारखी पसरते, खालचा उजेड अडवते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. मग उन्हाळ्यात बंधाऱ्यांच्या फुगवट्यात मासे मरून तरंगतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. कोल्हापुरात दररोज ७६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र कसबा बावड्याला झालं, ही मोठी सुधारणा. पण ते शहरासाठी. हद्दीबाहेरच्या उपनगरी गावांचं सांडपाणी आजही बव्हंशी ओढ्याच्याच भरवशावर आहे. पुढे २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने शहरात पाणी आलं. नळाला चांगलं पाणी आलं, याचा आनंद आहेच. धोका इतकाच, की ज्या नदीचं पाणी आपण पीत नाही तिच्याकडे पाहायचंही सोडून देतो.

आणि पूर. १९८९, २००५, २०१९, २०२१. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. भोवती समुद्रासारखं पाणी असताना शहराचे उपसा पंप बुडाले आणि लोक पिण्याच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत उभे राहिले. या पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला मुख्य दोषी धरलं नाही; अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं याकडे बोट दाखवलं. हवेचं तापमान एक अंशाने वाढलं तर ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. त्यामुळे महिन्याभराचा पाऊस चार दिवसांत येण्याची शक्यता पुढे वाढणार आहे. अशा वेळी पुराला पसरायला जागा लागते. आपण तिथे भराव टाकले.

हा सगळा काळ एकत्र पाहिला की एकच निष्कर्ष निघतो. पाण्याचा फेरा तुटलेला नाही. समुद्र वाफ देतो, ढग येतात, नदी वाहते. तुटला आहे तो त्याचा संथ भाग: मुरणं, झिरपणं, साठणं, पसरणं. आणि जीवसृष्टी जगते ती नेमकी त्याच संथ भागावर. म्हणून त्याच गावाला जुलैत पूर आणि एप्रिलमध्ये टँकर दिसतो. या दोन वेगळ्या आपत्ती नाहीत.

संथ भाग पुन्हा जोडता येतो, आणि सुरुवात घाटातल्या धरणापासून नव्हे, गावातूनच करता येते. दहा मीटर बाय दहा मीटर छपरावर हजार मिलिमीटर पावसात वर्षाला एक लाख लिटर पाणी पडतं. ते विहिरीत किंवा शोषखड्ड्यात उतरवायला फार मोठा खर्च लागत नाही. २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्याच्या आराखड्यात प्रत्येक ओढा त्याच्या मूळ रुंदीसह नकाशावर यायला हवा. निळ्या पूररेषेच्या आत भरावाला परवानगी नको. सांडपाणी ओढ्यात सोडण्याआधी गावपातळीवर शुद्ध व्हायलाच हवं. हद्दवाढ हवी की नको, यावर उचगावने पुष्कळ वाद घातला. पाण्याला हद्द नसते, म्हणून या मागण्यांवर वाद घालायचं कारण नाही. येत्या ग्रामसभेत रस्त्याच्या आणि दिव्याच्या विषयांआधी ओढ्याचा विषय घ्या. गावचा नकाशा मागा, ओढे शोधा आणि ते मोकळे करण्याचा ठराव करा.