अठरा ते वीस: ट्रक हाती येण्याआधीची दोन वर्षे

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता मूलमधून जातो. या दोन जिल्ह्यांत जमिनीतून, शेतातून किंवा जंगलातून जे निघते, त्यातले बरेचसे कधी ना कधी ट्रकवर चढते. घुग्गुस-बल्लारपूर पट्ट्यातला कोळसा, आवारपूर-गडचांदूरचे सिमेंट, चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राची राख, मूल-सावलीच्या राइस मिलमधला तांदूळ, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि अलीकडे एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडचे लोहखनिज. एवढी वाहतूक असलेल्या मुलखात ट्रकचालक होणे हा सरळ रोजगार वाटावा. तरीही आपल्याकडे ड्रायव्हरकी कुणी शिकायला जात नाही. दुसरे काही जमले नाही की मुलगा तिकडे वळतो, आणि घरचेही ‘लायसन्स काढून टाक’ एवढेच सांगतात. माझे म्हणणे असे की अवजड वाहनाचे लायसन्स मिळण्याआधी कायदा तरुणाला जी दोन वर्षे थांबवतो, ती आपण फुकट घालवतो, आणि त्या दोन वर्षांतच खरा चालक घडायला हवा.

कायद्याची चौकट आधी पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार हलके मोटार वाहन अठराव्या वर्षी चालवता येते, मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीचे वाहन मात्र विसाव्या वर्षापासूनच. शिवाय हलक्या वाहनाचे पक्के लायसन्स किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय वाहतुकीच्या वाहनाचे शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा दाखलाही जोडावा लागतो. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती केंद्राने २०१९ मध्ये काढली. निरक्षर पण कुशल माणसाची रोजी अडू नये, हे कारण रास्तच होते. पण अट काढताना, यापुढे भर प्रशिक्षणावर राहील, असेही सांगितले गेले होते, आणि ती दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरलो. वर्गाची अट गेली, तिच्या जागी कौशल्याची कसोटी यायला हवी होती. ठिकठिकाणी तिची जागा दाखल्याच्या कागदाने घेतली आहे.

कौशल्य म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्याला सहज कळत नाही. तीन आसांचा दहा चाकी ट्रक मालासह २८.५ टनांपर्यंत कायदेशीरपणे भरता येतो. वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर झाला की वेग दीडपट होतो, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. ही ऊर्जा ब्रेकलाच गिळावी लागते. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापून निकामी होत जातो. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून इंजिनाकडून गाडी रोखून धरायची असते. एअर ब्रेकच्या गाडीत हवेच्या दाबाचा काटा बघितल्याशिवाय गाडी हलवायची नसते. हायवा टिप्पर रिकामा करताना जमीन भुसभुशीत असेल किंवा वर विजेची तार असेल, तर डाला उचलणे म्हणजे मरणाला बोलावणे. आणि आपल्या भागाचा स्वतंत्र धडा जंगलाचा आहे. चंद्रपूर ते मूल रस्ता चिचपल्ली-केळझरच्या जंगलातून जातो. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपलेले असताना चितळ, रानडुक्कर किंवा गाय आडवी आली, तर स्टेअरिंग झटक्याने वळवण्याचा मोह होतो. भरलेला ट्रक अशा झटक्याने उलटतो. वेग आधीच कमी ठेवायचा आणि आपली लेन न सोडता ब्रेक मारायचा, हे हाताला इतके सवयीचे व्हावे लागते की विचार करायची गरज पडू नये. यातले किती आरटीओच्या मैदानावरच्या परीक्षेत तपासता येईल? फार थोडे.

यावर जुने जाणते हमखास सांगतील, की हे सगळे क्लीनरकी करूनच शिकायचे असते, शाळेत नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टायरवर ठोकून आवाजावरून हवा ओळखणे, माल सरकणार नाही अशी दोरी आवळणे, ताडपत्री बांधणे, रिव्हर्स घेताना डाव्या बाजूचा न दिसणारा कोपरा सांभाळणे हे क्लीनर दोन-तीन वर्षांत शिकतो तसे कोणताही वर्ग शिकवू शकत नाही. पण या परंपरेत उस्ताद थकला की रात्रीचे स्टेअरिंग लायसन्स नसलेल्या पोराच्या हाती जाते. त्या वेळी अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईचा बोजा मालकावर टाकायला मोकळी होते, पोरावर गुन्हा दाखल होतो आणि चालक होण्याआधीच त्याची वाट बंद होते. शिवाय उस्ताद कसब देतो तशा खोडीही देतो: झोप मारायला गुटखा, उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे. म्हणून क्लीनरकी मोडीत काढा असे मी म्हणत नाही. अठरा ते वीस या वयात ती रीतसर उमेदवारी व्हावी, तिच्या जोडीला वर्ग आणि मैदान असावे, आणि स्टेअरिंग विसाव्या वर्षी, लायसन्ससह हाती यावे.

असे वर्ग कसे असावेत याचा आराखडा तयारच आहे. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात मध्यम व अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. केंद्राला दोन एकर जागा आणि सिम्युलेटर लागतो, आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वाहन चालवण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. धोकादायक माल वाहायचा तर तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजी लिहिता-वाचता येण्याची अट आहे. डिझेलच्या टँकरवर जाऊ पाहणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे. खाणीत काम करायचे तर १९६६ च्या खाण व्यवसाय प्रशिक्षण नियमांखालचे शिक्षण निराळे. मधली एक पायरीही आता मोकळी झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले, की ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. म्हणजे विसाव्या वर्षी पिकअपवर कमाई सुरू करून अवजड वाहनाची तयारी चालू ठेवता येईल.

पैसा कोण देणार, हा दुसरा आक्षेप. धानाच्या दोन एकरांवर जगणाऱ्या घराला सहा आठवड्यांची फी आणि बुडालेली मजुरी दोन्ही जड आहेत. पण खाणींच्या जिल्ह्यांत याचे उत्तर हाताशी आहे. खाणपट्टाधारकांच्या रॉयल्टीशी जोडलेली रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होते, आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत कौशल्य विकास हे प्राधान्याचे क्षेत्र आहे. ज्या ट्रकांची धूळ आणि भीती गावे सोसतात, त्या ट्रकांवर बसणारा गावचा मुलगा नीट शिकलेला असावा, यापेक्षा त्या पैशाचा सरळ उपयोग कोणता? यात मुलीही हव्यात. एसटी महामंडळाने २०१९ मध्ये यवतमाळच्या आदिवासी तरुणींना बसचालक म्हणून शिकवायला घेतले होते, तेव्हा अशक्य असे काही नाही.

तिसरा आक्षेप भविष्याचा. २०२५ मध्ये सूरजागडच्या लोहखनिजासाठी हेडरी ते कोनसरी ही ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन सुरू झाली. खनिज नळातून जाऊ लागले तर ट्रकचे काय? खनिजाच्या फेऱ्या घटतील, हे खरेच. पण नळातून तांदूळ, सिमेंट किंवा तयार पोलाद जात नाही. फक्त हायवा हाकता येणारा माणूस त्या बदलात अडकेल. ट्रेलर, टँकर, बल्कर शिकलेला दुसरीकडे जाईल. उलट प्रशिक्षणाची गरज यातून वाढतेच.

एक अडचण मात्र प्रशिक्षणाने सुटत नाही. चालकाला फेरीमागे पैसे मिळत असतील, तर शिकलेला संयम दुसऱ्या दिवशीच गळतो, कारण हळू चालवणे म्हणजे स्वतःचा खिसा कापणे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेईपर्यंत, दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली होती. फेरीचा हिशेब अशी मर्यादा जुमानत नाही. ओव्हरलोडला २०१९ पासून वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार दंड आहे, तरी ‘भर अजून’ म्हणणाऱ्याला चालक नाही म्हणू शकत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चंद्रपूरच्या उन्हाळ्यात फार मोठे सुख आहे. पण थंड केबिनमध्येही चौदा तास जागणारा माणूस पेंगतोच. म्हणून मूल तालुक्यातल्या मुलांना एकच सांगणे: ट्रान्सपोर्टरकडे कामाला जाल तेव्हा पगार किती हे विचारण्याआधी, तो महिन्यावर आहे की फेरीवर, हे विचारा.