राईंतील चकती-गोल्फ

गोल्फ म्हटला कीं विस्तीर्ण हिरवळ, पांढरा चेंडू आणि काठ्यांचें ओझें वाहणारा नोकर असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. चकती-गोल्फाला यांपैकीं कशाचीच गरज नाहीं. 200 ग्रॅमांहून कमी वजनाची एक प्लॅस्टिकची चकती हातानें फेकावयाची, ती जेथें पडेल तेथून पुन्हां फेकावयाची, आणि कमींत कमी फेकींत लोखंडी टोपलींत पाडावयाची, एवढाच हा खेळ.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें, पॅसाडेना शहरानजीकच्या ओक ग्रोव्ह उद्यानांत 1975 सालीं या खेळाचें पहिलें कायमचें मैदान आंखलें गेलें. आंखणारे गृहस्थ एड हेड्रिक. प्रारंभीं लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. चकती खांबास लागली कीं जवळून गेली, यावर वाद होत. तेव्हां हेड्रिक यांनीं खांबाभोंवतीं साखळ्या सोडल्या व खालीं टोपली बसविली. या योजनेचें पेटंट त्यांना 1977 सालीं मिळालें. साखळ्यांत चकतीचा वेग मरतो आणि ती टोपलींत पडते. साखळ्यांचा खळखळाट हाच निकाल.

मैदान हा शब्द मात्र फसवा आहे. उद्यानाचें नांवच ओक वृक्षांच्या राईवरून पडलें आहे, आणि झाडींत शिरल्यावरच या खेळाची खरी खुमारी कळते. उघड्या माळावर दंडाची ताकद पुरते. राईंत दोन बुंध्यांमधील फट हेरावी लागते. नवखा पाहुणा जोरानें फेकतो, चकती पहिल्याच खोडावर आपटून त्याच्या पायाशीं परत येते. सुदर्शनचक्रही परत येत असे, पण काम उरकून!

जाणता खेळाडू चकतीचा स्वभाव ओळखून असतो. गरगर फिरत असल्यामुळें ती भोवऱ्याप्रमाणें तोल राखते. उजव्या हातानें, छातीसमोरून नेहमींच्या पद्धतीनें फेकल्यास ती घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरते. वेग ओसरला कीं हवा तिची पुढली कड उचलूं पाहते. परंतु फिरणाऱ्या वस्तूवर हा जोर काटकोनांत वळून प्रकट होतो, आणि चकती वर न उठतां डावीकडे कलते. टोपली डावीकडील झाडामागें दडली असेल, तर हीच खोड उपयोगीं पडते. उजवीकडे वळावयाचें झाल्यास फेंक उलट्या बाजूनें करावी लागते.

या खेळांत झाड हा प्रतिस्पर्धी, आणि त्याचीच हानि सर्वांत अधिक. सालीलगतच्या थरांतून झाडाचा अन्नरस वाहतो. आरंभस्थानासमोरच्या बुंध्यांवर चकत्यांचे घाव बसून साल निघते. त्याहून वाईट म्हणजे टोपलीभोंवतालची तुडवण. पावलांनीं माती दाबली जाते, तिच्यांतील हवेच्या पोकळ्या बुजतात, पावसाचें पाणी मुरत नाहीं, मुळें उघडीं पडतात. हें नुकसान दिसूं लागेपर्यंत वर्षें लोटतात, म्हणून तें अधिक घातक. यास्तव दक्ष व्यवस्थापक वाटांवर लांकडाच्या ढलप्या पसरतात, एकेका टोपलीसाठीं दोन-तीन जागा राखतात व ती आलटून-पालटून हलवितात.

खेळाडूवरही बंधन आहे. अडसर होणारी फांदी मोडून वाट मोकळी करणें नियमाविरुद्ध. वांकून, गुडघा टेकून, मिळेल त्या फटींतूनच फेकावें लागतें. चकती झाडावर अडकली, तर फांदीच्या बरोबर खालीं, जमिनीवर खूण करून पुढली फेंक घ्यावयाची. वरची चकती काढणें हा निराळा उद्योग; सोबतीला उंच मित्र असलेला बरा.