मोटार-नियंत्रणाचे विद्यार्थी-प्रकल्प आणि मायक्रोकंट्रोलरची टंचाई

वसईच्या बागायतीत बावखलांवरील रहाटाची जागा विजेच्या पंपाने घेतली, त्यास बराच काळ लोटला. वालीव, सातिवली, गोखिवरे या परिसरातील लहान कारखान्यांतही यंत्रे चालतात ती विजेच्या मोटारींवरच. आता मात्र मोटार केवळ फिरणे पुरेसे राहिलेले नाही. ती हव्या त्या वेगाने फिरावी, योग्य ठिकाणी थांबावी आणि वीज वाया घालवू नये, अशी अपेक्षा असते. हे काम करणारा घटक म्हणजे मायक्रोकंट्रोलर ही नखाएवढी चिप होय. वसई-विरार परिसरातील अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी ज्या प्रकल्पांतून हे तंत्र शिकतात, त्यांचे यशापयश पुष्कळदा या चिपच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. ऐन वेळी चिप न मिळाल्यास प्रकल्प कागदावर राहतो आणि विद्यार्थ्याच्या हातून शिकण्याची एक संधी निघून जाते.

चिपचे कार्य

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर सामावलेला लहानसा संगणक. त्यात गणन करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणाऱ्या वाटा असतात. मोटारीचा वेग कमी-जास्त करण्यासाठी तो वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा काळ वाढवला की वेग वाढतो, कमी केला की वेग उतरतो. यास स्पंद-रुंदी नियमन म्हणतात.

विजेवर चालणाऱ्या दुचाकीतील ब्रशविरहित मोटारीस असे सहा संकेत एकाच वेळी द्यावे लागतात. प्रत्येक जोडीतील दोन इलेक्ट्रॉनिक स्विच क्षणभर जरी एकदम चालू राहिले, तरी पुरवठ्याचे शॉर्ट सर्किट होऊन ते जळतात. म्हणून एक बंद होणे आणि दुसरा चालू होणे यांत अत्यल्प अंतर राखावे लागते. मोटार-नियंत्रणासाठी बनवलेल्या चिपमध्ये ही व्यवस्था अंगभूत असते, सर्वसाधारण चिपमध्ये ती असेलच असे नाही. एका चिपच्या जागी दुसरी सहजासहजी बसवता येत नाही, याचे एक कारण हे आहे. पायांची मांडणी आणि आतील प्रोग्राम निराळा असणे, ही दुसरी अडचण.

टंचाई कशी उद्भवली

२०२० मध्ये महामारीच्या काळात मोटारगाडी उद्योगाने चिपांच्या मागण्या कमी केल्या, तर घरून काम करण्यासाठी लागणाऱ्या संगणकांची मागणी वाढली. गाड्यांचा खप पुन्हा वाढला तेव्हा कारखान्यांची क्षमता इतर कामांत गुंतलेली होती. फेब्रुवारी २०२१ मधील हिमवादळाने अमेरिकेतील टेक्सास राज्याचे चिप-कारखाने बंद पडले. पुढच्याच महिन्यात जपानमधील नाका येथील रेनेसास कंपनीच्या कारखान्यास आग लागली.

मायक्रोकंट्रोलर बहुधा जुन्या पिढीच्या उत्पादन-प्रक्रियेवर बनतात. त्या प्रक्रियेसाठी नवीन कारखाने उभारण्यात गुंतवणूकदारांना फारसा रस नसतो. शिवाय सिलिकॉनच्या चकतीपासून तयार चिप होण्यास काही महिने लागतात. त्यामुळे मागणी वाढली तरी पुरवठा लगेच वाढत नाही. जो काही माल निघाला तो प्रथम मोठ्या ग्राहकांकडे गेला. दोन-चार नग मागणारा विद्यार्थी रांगेत शेवटी राहिला. २०२३ पासून पुरवठा पुष्कळसा सुधारला. तथापि, ठरावीक क्रमांकाची चिप ऐन गरजेच्या वेळी न मिळणे, हा अनुभव आजही येतो. दोन ओळींत लांब पाय असलेल्या, हाताने सहज जोडता येणाऱ्या जुन्या घाटाच्या चिपा कमी होत असल्याने नवशिक्यांची अडचण वाढली आहे.

बाजार आणि पारख

विरारहून ग्रँट रोड सुमारे ५५ किलोमीटर. स्थानकाजवळील डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजेच जुना लॅमिंग्टन रोड, ही मुंबईतील इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची प्रसिद्ध बाजारपेठ होय. एक-दोन नगही येथे मिळतात, हा तिचा मोठा फायदा. परंतु टंचाईच्या काळात बनावट मालही बाजारात शिरतो. जुन्या वा हलक्या चिपचा पृष्ठभाग घासून त्यावर नवा क्रमांक छापलेला असतो. अक्षरे अ‍ॅसिटोनने पुसली जाणे, पायांवर जुन्या जोडकामाच्या खुणा असणे, एकाच गठ्ठ्यातील नगांवरची छपाई निरनिराळी असणे, ही संशयाची चिन्हे आहेत. अनेक मायक्रोकंट्रोलरमध्ये ओळख-क्रमांक साठवलेला असतो. तो संगणकावर वाचून पाहिल्यास बरीच खात्री पटते. पावती घ्यावी, प्रथम एकच नग तपासावा आणि मगच उरलेले घ्यावेत.

भंगारातील धुलाईयंत्राच्या पट्टीवरील चिप काढून वापरण्याचा मोह होतो. पण तिच्यातील प्रोग्राम बहुधा कायमचा अथवा कुलूपबंद असतो. अशा यंत्रांतील मोटार, पॉवर ट्रान्झिस्टर आणि जोडण्या मात्र कामाच्या ठरतात.

एका चिपवर विसंबू नये

खरी टंचाई बहुतेक वेळा सर्व चिपांची नसते, एका विशिष्ट क्रमांकाची असते. इंटेलने १९८० मध्ये बाजारात आणलेल्या ८०५१ चे उदाहरण बोलके आहे. तिच्याशी जुळणाऱ्या चिपा पुढे अनेक कंपन्यांनी बनवल्या, म्हणून ती दीर्घकाळ अभ्यासक्रमांत टिकून राहिली. टंचाई तीव्र असतानाच, जानेवारी २०२१ मध्ये, रास्पबेरी पाय पिको हा चार डॉलर किमतीचा बोर्ड आला आणि अनेक प्रकल्प त्यावर नेता आले. सी-डॅक या १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संस्थेने वेगा प्रकल्पात तेजस-३२ ही स्वदेशी चिप आणि तिच्यावर आधारित एरीज बोर्ड विकसित केले आहेत. स्पंद-रुंदी नियमनाची सोय त्यातही आहे.

प्रकल्पाची आखणी करतानाच दोन पर्याय ठरवून ठेवणे हिताचे. चिप मुख्य पट्टीवर कायमची न जोडता काढता-घालता येणाऱ्या लहान बोर्डावर असावी. प्रोग्राम सी भाषेत लिहून विशिष्ट चिपशी संबंधित भाग वेगळ्या फाईलमध्ये ठेवावा, म्हणजे चिप बदलली तरी तेवढाच भाग बदलावा लागतो. साध्या डी. सी. मोटारीचा वेग बदलणे एवढाच हेतू असेल, तर १९७२ पासून प्रचारात असलेले ५५५ टायमर पुरेसे आहे. शाळेतील विद्यार्थ्यांना तत्त्व समजावून देण्यास ते अधिक सोपेही पडते.

संस्थांची जबाबदारी

वसई रोड येथील विद्यावर्धिनीचे आणि विरारजवळील विवा संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्थांमुळे या भागातील मुलामुलींना घराजवळ तांत्रिक शिक्षण मिळते. शालेय स्तरावर नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. साधने खरेदी करण्याची वेळ मात्र नीट साधली पाहिजे. प्रकल्पाला मान्यता, दरपत्रके, मंजुरी आणि मग खरेदी या क्रमात वर्षाचा बराच भाग निघून जातो. ज्याला परवडते तो विद्यार्थी चढ्या दराने चिप आणतो, इतर मागे पडतात.

यावर उपाय अवघड नाही. सत्राच्या आरंभीच सर्व गटांची गरज एकत्र करून एकच मागणी नोंदवावी. त्यामुळे दर उतरतो आणि परदेशातून मागवल्यास कुरियर व कराचा खर्चही वाटला जातो. मागील वर्षीच्या प्रकल्पांतील बोर्ड मोडीत न काढता तपासून, नोंद करून पुन्हा वापरावेत. तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी सुट्या भागांची एक सामाईक पेढी चालवल्यास एकीकडे पडून असलेली चिप दुसरीकडे उपयोगी पडेल. शिक्षकांनी नोंदवही सांभाळावी, अधिकाऱ्यांनी वार्षिक खरेदीची मंजुरी सत्रापूर्वी द्यावी आणि पंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या शाळेस या पेढीशी जोडून द्यावे, एवढी व्यवस्था प्रारंभासाठी पुरेशी आहे.

जगातील चिप-कारखान्यांचा पुरवठा वसईतून नियंत्रित करता येणार नाही. प्रयोगशाळेतील कपाटात वेळेवर चार बोर्ड असणे मात्र येथील संस्थांच्या हाती आहे. ते साधले तर बागायतीच्या पंपापासून कारखान्याच्या यंत्रापर्यंत लागणारे मोटार-नियंत्रणाचे कौशल्य या भूमीतच तयार होईल.