फुली कोणाची? दुर्बिणीच्या फोकसरविषयी थोडेसे

सिंगरेणीच्या कोळसाक्षेत्रात वसलेल्या आपल्या बेल्लमपल्लीने भूमीच्या पोटातील धन पुष्कळ पाहिले आहे. आकाशातील धन पाहण्यासाठी मात्र आमच्यापाशी एकच साधन आहे, ते म्हणजे सहा इंची आरशाची एक जुनी परावर्ती दुर्बीण.

हिवाळ्यातील एका रात्री आम्ही मुलांना तिच्यातून गुरू ग्रह दाखविला आणि जे दिसेल ते वहीत काढावयास सांगितले. बहुतेकांनी वाटोळे बिंब, त्यावरील पट्टे आणि शेजारी चार उपग्रह काढले. एका चष्मा लावणाऱ्या मुलाने मात्र मधोमध काळे भोक असलेली एक चकती काढली. त्या चित्रावर आम्ही तांबड्या शाईने फुली मारली.

पुढच्या रात्री आम्ही स्वतः दुर्बिणीला डोळा लावला, तेव्हा तीच भोकाची चकती आम्हांसही दिसली! परावर्ती दुर्बिणीत नळीच्या तोंडाशी एक लहान तिरपा आरसा असतो. प्रतिमा स्पष्ट जुळली नसली की त्याची सावली बिंबाच्या मध्यभागी अशी काळी दिसते. म्हणजे त्या मुलाने दिसले तेच काढले होते, आणि इतर कित्येकांनी पाठ्यपुस्तकातील गुरू काढला होता. दोष मुलाचा नव्हता. तो दुर्बिणीच्या फोकसरचा होता.

फोकसर म्हणजे नेत्रिका, अर्थात डोळ्याजवळचे भिंग, आतबाहेर सरकविणारी यंत्रणा. आरसा प्रकाश गोळा करून एका ठिकाणी प्रतिमा तयार करतो. ती प्रतिमा नेत्रिकेने नेमकी पकडावी लागते. आमच्या आरशाचे नाभीय अंतर 48 इंच, म्हणजे व्यासाच्या आठपट आहे. अशा दुर्बिणीत नेत्रिका सुमारे 0.14 मिलिमीटरच्या टप्प्यात असावी, असा काटेकोर हिशेब आहे. जुन्या फोकसरची चक्री एकदा पूर्ण फिरविली की नळी 20 मिलिमीटर सरकते असे धरले, तर 0.14 मिलिमीटरसाठी चक्री केवळ अडीच अंश फिरवावी लागेल. घड्याळाचा मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात जेवढा सरकतो, त्याहूनही हे कमी!

शिवाय प्रत्येकाचा डोळा निराळा. उणे तीन नंबरचा चष्मा काढून पाहणाऱ्यास 25 मिलिमीटरची नेत्रिका इतरांपेक्षा सुमारे 2 मिलिमीटर आत सरकवावी लागते. म्हणून रांगेतील प्रत्येकाने चक्री फिरविलीच पाहिजे. परंतु आमच्या फोकसरच्या दातेरी पट्टीत व दंतचक्रात ढिलाई आली होती. ग्रीस सुकून त्यात धूळ बसली होती. चक्री थोडी फिरली तरी नळी हलत नसे. मग ती एकदम उडी घेई आणि ग्रह दृष्टीआड होई. पाठीमागे रांग खोळंबलेली. अशा वेळी न दिसताही "दिसले" म्हणून बाजूस होणे कोणासही सोपे वाटते.

प्रथम आम्ही दुरुस्ती करून पाहिली. जुने ग्रीस रॉकेलने पुसले, स्क्रू आवळले, नळीभोवतीची फट भरण्यासाठी टेफ्लॉनची पातळ पट्टी चिकटविली. थोडा गुण आला, पण दाते झिजलेले असल्याने तो पुरेसा नव्हता. तेव्हा 'क्रेफर्ड' पद्धतीचा फोकसर बसविण्याचे ठरले.

इंग्लंडमधील क्रेफर्ड येथील हौशी खगोलमंडळाचे सभासद जॉन वॉल यांनी ही रचना शोधली आणि 1971 साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्यात दातेच नाहीत. नळी चार बेअरिंगांवर टेकलेली असते आणि समोरच्या बाजूने एक गुळगुळीत दांडा तिच्यावर दाबून बसविलेला असतो. दांडा फिरला की घर्षणाने नळी सरकते. त्यामुळे उडी नाही, ढिलाईही नाही. दहास एक या प्रमाणाची सूक्ष्म चक्री जोडली, की तीच हालचाल दहापट सावकाश होते. जड कॅमेरा लावल्यास नळी घसरू शकते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. वॉल यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. म्हणूनच जगभरच्या हौशी मंडळींना तो मोकळेपणाने वापरता आला.

बसविताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. छिद्रे पाडण्यापूर्वी दोन्ही आरसे काढून ठेवावेत, नाहीतर कीस त्यांवर पडतो. दुसरे असे, की नव्या फोकसरची उंची मोजावी. तो जुन्याहून 20 मिलिमीटर उंच असेल, तर नेत्रिका पुरेशी आत जात नाही. मग मोठा आरसा तेवढाच पुढे सरकवावा लागतो.

गॅलिलिओने 1610 साली शनी पाहिला, तेव्हा त्यास कडे ओळखता आले नाही. मधला गोल व दोहों बाजूंस दोन लहान गोल, असे त्याने नोंदविले. ते कडे आहे हे हायगेन्सने 1659 साली सिद्ध केले. तथापि गॅलिलिओला कोणी खोटा म्हणत नाही, कारण त्याने दिसले तेच लिहिले.

नवा फोकसर बसल्यावर आम्ही प्रथम त्याच मुलास बोलाविले. त्याने चष्मा काढला, सावकाश चक्री फिरविली, बराच वेळ पाहिले आणि चित्र काढले. त्यात पट्टे होते, पण उपग्रह तीनच होते. आम्ही नेत्रिकेतून पाहिले. चौथा उपग्रह त्या रात्री खरोखरच दिसत नव्हता.

त्याच्या जुन्या चित्रावरील फुली आम्ही खोडली आणि खाली आमची सही केली.